गायीच्या भ्रूणांचे प्रयोगशाळेतील संवर्धन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गायीची आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन घडवण्याची) प्रयोगशाळा चालवणारे किंवा नव्याने उभारणारे पशुवैद्यक, तेथील तंत्रज्ञ आणि पशुप्रजननशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पशुपालकांचे दोन-तीन प्रश्नही घेतले आहेत, कारण भ्रूणाचा खर्च अखेरीस त्यांच्याच गोठ्यावर पडतो.

प्रयोगशाळेतील संवर्धन म्हणजे नेमका कोणता काळ?

दाता गायीच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या साहाय्याने, म्हणजे ओपीयू पद्धतीने, अंडपेशी काढल्या जातात. त्या २२ ते २४ तास परिपक्व होऊ दिल्या जातात आणि नंतर सुमारे १८ तास शुक्राणूंच्या सान्निध्यात ठेवल्या जातात. फलनानंतर अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशी काढून टाकल्या की जो टप्पा सुरू होतो आणि सातव्या किंवा आठव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी असलेला भ्रूण, तयार होईपर्यंत चालतो, त्याला आपण येथे संवर्धन म्हणत आहोत. गायीच्या शरीरात हा भ्रूण पहिले चार-पाच दिवस अंडवाहिनीत असतो आणि नंतर गर्भाशयात उतरतो. या दोन्ही ठिकाणांचे काम आपल्याकडे प्लास्टिकच्या डिशमधला, तेलाखाली ठेवलेला पोषक द्रवाचा, म्हणजे माध्यमाचा, पन्नास मायक्रोलिटरचा एक थेंब करतो, आणि सुधारणेचा सारा प्रश्न त्या थेंबाभोवतीच फिरतो.

शंभर अंडपेशींमागे तीस ते चाळीस ब्लास्टोसिस्ट मिळत असतील, तर आणखी सुधारणा कशासाठी?

कारण मिळालेला ब्लास्टोसिस्ट आणि जन्माला आलेले वासरू यांच्यात मोठे अंतर आहे. गायीच्या शरीरात वाढून गर्भाशय धुऊन काढलेला ताजा भ्रूण प्रत्यारोपित केला, तर साधारण शंभरांपैकी साठ गायी गाभण राहतात. प्रयोगशाळेत वाढलेल्या ताज्या भ्रूणाने हा आकडा चाळीस ते पन्नासच्या आसपास येतो आणि गोठवलेल्या भ्रूणाने आणखी खाली जातो. जगभरात प्रयोगशाळेत तयार झालेल्या गोवंशीय भ्रूणांची संख्या आता दरवर्षी दहा लाखांच्या पुढे आहे. त्यामुळे गर्भधारणेत पाच टक्क्यांचा फरक पडला तरी तो हजारो वासरांचा फरक ठरतो.

आयर्लंडमधील युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन येथील लॉनर्गन, बोलंड, रिझोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या क्षेत्रातील प्रत्येकाने नीट समजून घ्यावे असे आहे. त्यांनी गायीच्या शरीरात फलित झालेली युग्मनजे (नुकत्याच फलित झालेल्या अंडपेशी) प्रयोगशाळेत वाढवली आणि उलट बाजूने, प्रयोगशाळेत फलित केलेली युग्मनजे मेंढीच्या अंडवाहिनीत वाढवली. किती ब्लास्टोसिस्ट तयार होतात हे प्रामुख्याने अंडपेशी कोठून आली आणि कोठे परिपक्व झाली यावर ठरले, तर तयार झालेला ब्लास्टोसिस्ट गोठवण्याला किती टिकतो हे तो कोठे वाढला यावर ठरले. थोडक्यात, संख्या अंडपेशी ठरवते आणि दर्जा संवर्धन ठरवते. संवर्धनात केलेल्या सुधारणेचे फळ ब्लास्टोसिस्टच्या टक्केवारीत शोधणारे बहुतेक वेळा चुकीच्या रकान्यात पाहत असतात.

मग आमची ब्लास्टोसिस्टची टक्केवारी घसरली, तर माध्यम बदलावे का?

आधी अंडपेशींकडे पाहावे. दोन ते आठ मिलिमीटरच्या फॉलिकलमधून (अंडाशयातील अंडपेशी धारण करणाऱ्या द्रवाने भरलेल्या पुटिकेतून) आलेली, क्युम्युलस पेशींचे किमान तीन-चार घट्ट थर असलेली, एकसारख्या रंगाची अंडपेशी वेगळी आणि थर निघालेली उघडी अंडपेशी वेगळी. दोन्हींना एकाच टक्केवारीत मोजले की घसरण नेमकी कोठून आली ते कधीच कळत नाही. ओपीयूच्या सुईचा निर्वात दाब जास्त असला तरी हे थर निघून जातात. दाता गाय आजारी असेल, नुकतीच व्यालेली असून ऊर्जेच्या तुटीत असेल किंवा एप्रिल-मेच्या उष्णतेने त्रासलेली असेल, तर तिच्या अंडपेशींवर त्याचा परिणाम होतो, आणि उष्णतेचा परिणाम तर पाऊस सुरू झाल्यावरही काही आठवडे रेंगाळतो, कारण आज काढलेले फॉलिकल त्या उष्ण आठवड्यांत वाढलेले असते.

कॅनडातील लावाल विद्यापीठात मार्क-आंद्रे सिरार यांच्या गटाने दाखवले की एफएसएचची (फॉलिकल वाढवणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शने थांबवल्यावर साधारण दोन दिवसांहून थोडा अधिक काळ वाट पाहून अंडपेशी काढल्या, तर त्यांची भ्रूण घडवण्याची क्षमता बरीच वाढते. वाट पाहण्याचा काळ फार लांबला की ही क्षमता पुन्हा घसरते. संवर्धन माध्यमाच्या कोणत्याही बाटलीने टक्केवारीत एवढा फरक पाडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा संशयित वळू असतो. एकाच दिवशी, एकाच अंडपेशींच्या गटावर दोन वळूंच्या वीर्यकांड्या वापरल्या, तर निकालात मोठी तफावत येऊ शकते. लिंगविनिश्चित वीर्यमात्रांच्या बाबतीत ही तफावत आणखी ठळक होते.

पूर्वी भ्रूण मेंढीच्या किंवा सशाच्या अंडवाहिनीत का वाढवत?

कारण साध्या माध्यमात गायीचे भ्रूण आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर अडत. या टप्प्यापर्यंत भ्रूण आईकडून अंडपेशीत साठवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतो, आणि नेमका याच सुमारास त्याचा स्वतःचा जनुकसंच काम सुरू करतो. परिस्थिती प्रतिकूल असेल तर हा बदल पार पडत नाही. आयव्हीएफने जन्मलेले पहिले वासरू, व्हर्जिल नावाचा गोऱ्हा, ९ जून १९८१ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जन्मला, पण त्याची अंडपेशी गायीच्या शरीरातच परिपक्व झालेली होती. पुढे अंडवाहिनीच्या आवरणपेशींसोबत किंवा इतर पेशींसोबत भ्रूण वाढवण्याची पद्धत आली आणि अडथळा पार होऊ लागला. त्या पेशी काही पोषक घटक सोडतात हे एक कारण. दुसरे, कदाचित अधिक महत्त्वाचे, म्हणजे त्या माध्यमातील ऑक्सिजन आणि काही विषारी द्रव्ये खाऊन टाकतात. हे लक्षात आल्यावर पेशींची गरज उरली नाही. आज नियमित कामासाठी सहसंवर्धन करू नये असेच आम्ही सांगतो. त्यात निकाल दर आठवड्याला बदलतो आणि रोगजंतू शिरण्याचा धोकाही असतो.

कोणते माध्यम निवडावे?

टर्व्हिट, व्हिटिंगहॅम आणि रोसन यांनी १९७२ मध्ये मेंढीच्या अंडवाहिनीतील द्रवाच्या विश्लेषणावरून तयार केलेले कृत्रिम अंडवाहिनी द्रव, म्हणजे एसओएफ, आणि त्याचे सुधारित प्रकार आज बहुतेक प्रयोगशाळांत वापरले जातात. विस्कॉन्सिन येथे घडलेले सीआर-१ हेही टिकून आहे. बाजारातील तयार बाटल्या बहुधा याच दोन घराण्यांतल्या असतात, मग लेबलवर नाव काहीही असो.

सुरुवातीच्या भ्रूणाला ग्लुकोज फारसे वापरता येत नाही आणि ते जास्त असेल तर अपायच होतो. पहिले तीन-चार दिवस त्याची ऊर्जा प्रामुख्याने पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांतून येते. मोरुला (ब्लास्टोसिस्टच्या आधीचा पेशींचा गोळा) घट्ट होऊन ब्लास्टोसिस्टकडे वाटचाल सुरू झाली की ग्लुकोजचा वापर झपाट्याने वाढतो. अमिनो आम्ले हा दुसरा आधार आहे. त्यांनी भ्रूणाची वाढ तर सुधारतेच, शिवाय पेशीतील पाण्याचा आणि पीएचचा तोलही सांभाळला जातो. मात्र ग्लुटामिन ३८.५ अंशांवर आपोआप मोडून अमोनिया तयार होतो आणि तो भ्रूणाला घातक आहे. म्हणून साध्या ग्लुटामिनऐवजी अलानिल-ग्लुटामिनसारखा स्थिर डायपेप्टाइड वापरावा, किंवा तिसऱ्या अथवा पाचव्या दिवशी माध्यम बदलावे. डेन्मार्कमधील होल्म आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एसओएफमध्ये अमिनो आम्लांसोबत सायट्रेट आणि मायो-इनोसिटॉल घालून सीरमशिवायही (रक्तातील पेशीविरहित द्रवाशिवायही) चांगले निकाल मिळवले. स्वतः माध्यम बनवू इच्छिणाऱ्यांनी त्या सूत्रापासून सुरुवात करावी.

स्वतः बनवायचे असेल तर पाण्यावर कंजुषी करू नये. माध्यमाचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असते.

सीरम घालावे की नाही?

गर्भस्थ वासराचे सीरम चौथ्या दिवसानंतर पाच टक्के घातले, तर ब्लास्टोसिस्ट लवकर दिसू लागतात आणि त्यांची संख्याही वाढल्यासारखी वाटते, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही डिश शेजारी ठेवून पाहाव्यात. सीरममधील भ्रूणाच्या पेशी दाट तपकिरी, जवळजवळ काळपट दिसतात, आतील पेशीपुंजाची कड शोधावी लागते. सीरमविरहित डिशमधील भ्रूण फिकट असतो आणि त्याच्या पोकळीची भिंत काचेसारखी स्वच्छ दिसते. हा काळेपणा मेदाच्या थेंबांचा असतो. मेद जास्त असलेला भ्रूण गोठवणे सोसत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सीरम आणि सहसंवर्धन यांचा संबंध अवाढव्य वासराच्या विकाराशी जोडला गेला आहे. या विकारात गाभणकाळ लांबतो, वासरू फार जड होते, जीभ मोठी असणे किंवा बेंबीच्या ठिकाणी हर्निया असणे असे दोष दिसतात, आणि वेताच्या वेळी गाय व वासरू दोघांच्याही जिवाला धोका असतो. स्कॉटलंडमधील रॉस्लिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००१ मध्ये मेंढ्यांमध्ये दाखवले की अशा मोठ्या गर्भांत आयजीएफ-२ रिसेप्टरच्या जनुकावरील मिथाइल खुणा कमी झालेल्या असतात. म्हणजे आठवड्याभराच्या संवर्धनाची छाप जनुकांच्या वापरावर जन्मापर्यंत राहते. आमचे मत स्पष्ट आहे : सीरमऐवजी मेदाम्लविरहित बीएसए (गोवंशीय सीरममधील अल्ब्युमिन हे प्रथिन) वापरावे, आणि सीरम सोडल्यावर पहिले काही आठवडे टक्केवारी थोडी उतरली तरी मागे फिरू नये.

ऑक्सिजन पाच टक्केच का?

गायीच्या अंडवाहिनीत आणि गर्भाशयात ऑक्सिजन हवेच्या तुलनेत साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांशच असतो. हवेतील जवळपास २१ टक्के ऑक्सिजनमध्ये पेशी नसलेल्या माध्यमात भ्रूण ठेवला, तर ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू वाढतात आणि डीएनए तसेच पेशीपटलांची हानी होते. ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला नायट्रोजन हे मिश्रण म्हणूनच रूढ झाले. परिपक्वन आणि फलन बहुधा साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळून केले जाते; तेथे क्युम्युलस पेशी भोवती असतात आणि त्यांची ऑक्सिजनची गरज निराळी असते. नवी प्रयोगशाळा उभारताना खर्च कोठे करावा असे विचारले, तर महागड्या पूरक द्रव्यांच्या आधी तीन वायूंचा इन्क्युबेटर घ्यावा, असेच उत्तर आम्ही देतो.

इन्क्युबेटरवर कार्बन डायऑक्साइड ५ टक्के दिसतो, तरी पीएच चढा का?

पीएच ठरतो तो माध्यमातील बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब यांवर, टक्केवारीवर नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी असतो, म्हणून मुंबईतल्या ५ टक्क्यांइतका परिणाम साधायचा तर पुण्यात साधारण ५.३ ते ५.४ टक्के लागतात. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हा फरक आणखी वाढेल. कोकणात किंवा गोव्यात जमलेली मांडणी घाटमाथ्यावर जशीच्या तशी उचलून आणली की ही गफलत होते. इन्क्युबेटरच्या पडद्यावरील आकड्यापेक्षा, रात्रभर आत ठेवून समतोल झालेल्या माध्यमाचा पीएच प्रत्यक्ष मोजावा आणि तो ७.२ ते ७.४ च्या दरम्यान आणावा.

इन्क्युबेटरबाहेर काम करताना बायकार्बोनेटचे माध्यम काही मिनिटांतच अल्कधर्मी होऊ लागते. भ्रूण धुणे, निवडणे, कांडीत भरणे ही कामे हेपेसयुक्त (साध्या हवेतही पीएच स्थिर ठेवणाऱ्या) माध्यमात करावीत.

तापमान, बाष्पीभवन आणि तेल यांविषयी काय काळजी घ्यावी?

लक्ष्य ३८.५ अंश सेल्सिअस. तो आकडा पडद्यावर नव्हे, थेंबात हवा. पातळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तेलाखाली घालून इन्क्युबेटरच्या प्रत्येक कप्प्यात आणि सूक्ष्मदर्शकाच्या तापवलेल्या मंचावर वेगवेगळे मोजावे, कारण मंचावरील डिशच्या तळाशी आणि काचेच्या पृष्ठभागावर एकच तापमान क्वचितच असते.

बाष्पीभवनाकडे सर्रास दुर्लक्ष होते. माध्यमाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) २७० ते २८० मिलिऑस्मोलच्या आसपास जुळवलेली असते. आता डिश कशी बनते ते पाहू. तंत्रज्ञ लॅमिनार फ्लोच्या झोतात बसतो, ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये सात-आठ थेंब टाकतो, मग दुसरी डिश, मग तिसरी, आणि सगळ्या झाल्यावर तेलाची बाटली उचलतो. पहिल्या डिशमधील थेंबांवरून तोवर काही मिनिटे कोरडी हवा वाहून गेलेली असते; मंच तापलेला असेल तर आणखीच. थेंब दिसायला तसाच असतो, पण त्यातले क्षार दाट झालेले असतात आणि तेल घातल्यावर ते पुन्हा पातळ होत नाहीत. उपाय फुकटचा आहे : एका वेळी एकच डिश, न तापवलेल्या पृष्ठभागावर, थेंब टाकताच तेल. थेंब लहान असतील तर आधी बारीक थेंब टाकून तेल घालावे आणि मग तेलाखालून ते पूर्ण मापाचे करावेत.

तेल हे निव्वळ झाकण नसते. खनिज तेलात प्रकाशामुळे आणि उष्णतेमुळे पेरॉक्साइड तयार होतात आणि ते हळूहळू थेंबात उतरतात. बाटली अंधारात ठेवावी, उघडल्याची तारीख लिहावी, नव्या लॉटची जुन्याशी तुलना केल्याशिवाय किमती दाता गायीच्या भ्रूणांवर तो वापरू नये. एका सकाळी सगळ्याच डिशमधील भ्रूण दोन-चार पेशींवर थांबलेले दिसले, तर माध्यमाच्या आधी तेलाचा लॉट क्रमांक पाहावा.

प्रयोगशाळेच्या हवेचा भ्रूणावर खरेच परिणाम होतो का?

होतो. फिनाइल, स्पिरिट, रंग, अत्तर, नव्या लाकडी फर्निचरचे पॉलिश यांतून बाहेर पडणारी बाष्पशील सेंद्रिय द्रव्ये तेलात विरघळतात. हेपा गाळणी धूळ आणि जंतू अडवते, ही बाष्पे अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी लागते. सिलिंडरमधून येणाऱ्या वायूच्या नळीवरही ती बसवावी. गोठ्याला लागून असलेल्या प्रयोगशाळांत अमोनियाचा वास दारापर्यंत येतो आणि सगळे त्याला सरावलेले असतात, तेव्हा बाहेरच्या माणसाला विचारावे. फरशी पुसणाऱ्या मावशींना फिनाइल का वापरायचे नाही हे नीट समजावून सांगणे हा आमच्या मते गुणवत्ता नियंत्रणाचाच भाग आहे. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

एका गायीकडून सहा-सात अंडपेशीच मिळतात. त्या कशा वाढवाव्यात?

हा प्रश्न आपल्याकडे जितका तीव्र आहे तितका युरोपात नाही. तेथील संशोधन मोठ्या प्रमाणावर कत्तलखान्यातून आलेल्या अंडाशयांवर झाले आहे, जेथे एका वेळी शेकडो अंडपेशी मिळतात. महाराष्ट्रात गायींची कत्तल पूर्वीपासून बंद आहे आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या सुधारणेने वळू व बैलही त्यात आले. त्यामुळे गायीच्या अंडपेशी येतात त्या जिवंत दाता गायीच्या ओपीयूमधूनच, आणि वंशावळीची नोंद ठेवायची म्हणून दोन गायींच्या अंडपेशी एकत्र करता येत नाहीत.

गायीचे भ्रूण एकमेकांच्या सोबतीने चांगले वाढतात. ते माध्यमात वाढीचे घटक सोडतात आणि शेजारी ते वापरतात. वीस-पंचवीस भ्रूण ५० मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका भ्रूणामागे सुमारे दोन मायक्रोलिटर, ही नेहमीची घनता आहे. सहाच भ्रूण त्याच थेंबात ठेवले तर हे घटक विरळ होऊन जातात. म्हणून थेंब लहान करावा, १५ ते २० मायक्रोलिटरपर्यंत. त्याहून लहान केल्यास बाष्पीभवनाचा आणि साचणाऱ्या अमोनियाचा प्रश्न वाढतो. दुसरा मार्ग भ्रूणशास्त्रज्ञ गाबोर व्हायता यांनी २००० च्या सुमारास मांडलेल्या 'विहिरीत विहीर' पद्धतीचा : एका मोठ्या खळग्याच्या तळाशी अनेक बारीक खळगे, प्रत्येकात एक भ्रूण, आणि वरचे माध्यम सगळ्यांना सामाईक. भ्रूणांना सोबतही मिळते आणि कोणता भ्रूण कोणत्या गायीचा हेही कळते.

गीर आणि साहिवाल या झेबू (वशिंड असलेल्या) वंशांच्या गायींमध्ये फॉलिकलची संख्या सहसा होल्स्टीनपेक्षा जास्त असते, हा आपल्या बाजूचा मुद्दा आहे. ब्राझीलने भारतातून गेलेल्या गीर आणि ओंगोल जनावरांच्या वंशजांवर याच गुणाच्या बळावर जगातील सर्वांत मोठ्या आयव्हीएफ उद्योगांपैकी एक उभा केला.

बाजारातील पूरक द्रव्यांपैकी कोणती खरेच उपयोगी आहेत?

काहींमागे चांगला आधार आहे. परिपक्वनाच्या माध्यमात सिस्टिअमिन घातल्याने अंडपेशीतील ग्लुटाथायोन हे ऑक्सिडीकरणापासून वाचवणारे द्रव्य वाढते आणि पुढे भ्रूणाला त्याचा लाभ होतो. एल-कार्निटिन मेदाम्ले मायटोकॉन्ड्रियात नेऊन जाळण्यास मदत करते, त्यामुळे भ्रूणातील मेद कमी होतो. फ्लोरिडा विद्यापीठात पीटर हॅन्सन यांच्या गटाने सीएसएफ-२ हा सायटोकाइन (पेशींना संदेश देणारे प्रथिन) पाचव्या दिवसापासून दिल्यास प्रत्यारोपणानंतर गर्भ टिकण्याचे प्रमाण वाढते असे २००९ मध्ये दाखवले. नंतरच्या चाचण्यांत मात्र परिणाम सर्वत्र सारखा आला नाही. आयजीएफ-१, एफजीएफ-२ आणि एलआयएफ या अशाच प्रथिनांची एकत्रित जोडणी, तसेच अंडवाहिनीच्या द्रवातील पेशीबाह्य पुटिका यांवर काम चालू आहे. वाचनासाठी हे सगळे रंजक आहे. ज्या प्रयोगशाळेत पीएच महिन्यातून एकदाही मोजला जात नाही, तिने सायटोकाइन विकत घेऊ नये.

भ्रूण चांगला आहे हे कसे ओळखावे?

आंतरराष्ट्रीय भ्रूण तंत्रज्ञान संस्थेच्या पद्धतीनुसार विकासाचा टप्पा १ ते ९ आणि दर्जा १ ते ४ अशा अंकांत लिहितात. सातव्या दिवशी टप्पा ६ किंवा ७ आणि दर्जा १ असलेला भ्रूण प्रत्यारोपणाला उत्तम. आतील पेशीपुंज स्पष्ट आणि घट्ट असावा, वार घडवणाऱ्या ट्रोफेक्टोडर्मच्या पेशी एकसंध थरात असाव्यात, बाहेर निसटलेल्या पेशी कमी असाव्यात. पण डोळ्यांना दिसणारा दर्जा अपुरा असतो. पहिले विभाजन केव्हा झाले हे त्याला चांगली जोड देते : शुक्राणूंशी संपर्क आल्यापासून तीस तासांच्या आत दोन पेशींवर पोहोचलेले भ्रूण उशिरा विभागलेल्यांपेक्षा सरस ठरतात. आठव्या दिवशी कसाबसा फुगलेला ब्लास्टोसिस्ट टक्केवारीत मोजला जातो, गाभण मात्र क्वचितच ठेवतो.

गोऱ्हेच जास्त का जन्मतात?

प्रयोगशाळेत नर भ्रूण मादीपेक्षा थोडे वेगाने वाढतात, आणि माध्यमात ग्लुकोज जास्त असेल तर मादी भ्रूणांचे अधिक नुकसान होते. सर्वांत पुढे गेलेले भ्रूण निवडून प्रत्यारोपण केले की गोऱ्ह्यांचे प्रमाण वाढते. लिंगविनिश्चित वीर्य वापरल्यास हा प्रश्न बहुतांशी उरत नाही.

म्हशीच्या भ्रूणांना हेच माध्यम चालते का?

बहुतांशी चालते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० मध्ये आयव्हीएफने जगातील पहिले म्हशीचे पारडू, 'प्रथम', जन्मले. म्हशीचा भ्रूण गायीपेक्षा सुमारे अर्धा ते एक दिवस लवकर पुढच्या टप्प्यावर पोहोचतो, त्यात मेद अधिक असतो आणि एका म्हशीकडून अंडपेशी कमी मिळतात. तपासणीचे आणि प्रत्यारोपणाचे वेळापत्रक त्यानुसार आधी घ्यावे.

भ्रूणामार्फत रोग पसरू शकतो का?

शरीरात वाढलेल्या भ्रूणाचे बाह्यकवच दहा वेळा धुतले की बहुतेक विषाणू निघून जातात. प्रयोगशाळेत वाढलेल्या भ्रूणाच्या कवचाला काही विषाणू अधिक चिकटतात, म्हणून धुण्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. गायीच्या विषाणूजन्य अतिसाराचा विषाणू सीरममधून किंवा प्राणिज पेशींमधून येऊ शकतो. सीरम टाळण्याचे हे आणखी एक कारण. दाता गायींची तपासणी, प्रमाणित वीर्य आणि प्राणिज घटक कमीत कमी असलेले माध्यम या तिन्हींची सांगड घालावी लागते.

पशुपालक म्हणून मी प्रयोगशाळेला काय विचारावे?

ब्लास्टोसिस्ट किती मिळतात हे विचारू नये. प्रत्यारोपण केलेल्या शंभर गायींपैकी दोन महिन्यांच्या तपासणीत किती गाभण निघतात, त्यांतील किती वितात, आणि वासरांचे जन्मवजन किती असते, हे विचारावे. भ्रूण ताजा की गोठवलेला, माध्यमात सीरम आहे का, हेही विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. राष्ट्रीय गोकुळ अभियानात आयव्हीएफने खात्रीशीर गाभण राहिलेल्या प्रत्येक गायीमागे ५,००० रुपयांचे अनुदान ठेवलेले आहे, म्हणजे सरकारनेही मोजमाप गाभण गायीवरच बांधले आहे. प्रत्यारोपणासाठी निवडलेल्या गायीचा माज नीट नोंदवलेला असणे ही मात्र आपली जबाबदारी. सात दिवसांचा भ्रूण माजानंतर सातव्या दिवशीच गर्भाशयात जायला हवा. एक दिवस इकडे-तिकडे चालतो, त्याहून अधिक नाही.

एखादा बदल उपयोगी ठरला की नाही, हे कसे ठरवावे?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकाच दिवशी, त्याच गायींच्या, त्याच वळूने फलित केलेल्या अंडपेशी दर्जानुसार दोन समान गटांत वाटाव्यात आणि निम्म्या जुन्या पद्धतीने, निम्म्या नव्या पद्धतीने वाढवाव्यात. गेल्या महिन्याच्या निकालाशी या महिन्याच्या निकालाची तुलना करू नये, कारण दरम्यान ऋतू, दाता गायी, तंत्रज्ञाचा हात, सिलिंडर यांतले काहीतरी बदललेले असतेच. एका गटात दहाच अंडपेशी असतील तर तीन आणि चार ब्लास्टोसिस्टमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो, म्हणून अनेक फेऱ्यांचे आकडे एकत्र करूनच निष्कर्ष काढावा.

नोंदवहीत प्रत्येक फेरीसमोर माध्यमाचा, तेलाचा, बीएसएचा आणि डिशचा लॉट क्रमांक, त्या आठवड्यातील पीएच, वीज गेल्याची वेळ आणि जनित्र किती मिनिटांनी सुरू झाले, हे लिहावे. विभाजनाचे प्रमाण आणि ब्लास्टोसिस्टचे प्रमाण वेगळ्या रकान्यांत असावे : विभाजनच घटले असेल तर शोध फलनाकडे आणि वीर्याकडे न्यावा, आणि विभाजन ठीक असून भ्रूण आठ-सोळा पेशींवर थांबत असतील तर संवर्धनाकडे. गाभण तपासणीचा रकाना दोन महिने आणि जन्मवजनाचा रकाना नऊ महिने रिकामा राहील. तो भरेपर्यंत नव्या पद्धतीसाठी जुनी पूर्णपणे बंद करू नये.